मंगळवारचा धाकल्या

आमच्या रानशेतमध्ये धाकल्या दोन आहेत. एक भाताची शेती करतो, कंबर दुखली की माझ्या गिरणीच्या ओट्यावर येऊन बसतो, चहा मागत नाही पण दिला तर नाही म्हणत नाही. दुसरा फोनात राहतो. आवाज एकच, माणूसही एकच, पण गावानं त्याची वाटणी करून टाकली आहे. त्यातला फोनातला खऱ्याला पुरून उरला, याचा मला अजून राग येतो.

याला कारण त्याचा आवाज. आमच्याकडे कुणाचंही लग्न असो, पंगतीला हाका मारायला धाकल्याच लागायचा. मांडवात उभा राहून तो असं काही बोलवायचा की रुसलेले सोयरेसुद्धा उठून पानावर बसायचे. २०१५ साली डहाणूत एका संस्थेचं ऑफिस होतं. त्यांना शेतीचे सल्ले फोनवरून द्यायचे होते आणि ते आपल्या बोलीत बोलणारा, ऐकणाऱ्याला घरचा वाटणारा माणूस हवा होता. धाकल्याला जीपमध्ये घालून नेलं. भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत बसवलं, बोलायला लावून आवाज भरून घेतला, जेवायला घातलं आणि एक शर्ट देऊन परत आणून सोडलं. शर्ट घालून तो गावभर हिंडला. मीही त्याची टिंगल केली, म्हटलं आता तुला भेटायला नंबर लावावा लागणार.

सल्ला होता राबाचा. भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची, त्यावर आम्ही उन्हाळ्यात शेण, झाडांचा टहाळ, पातेरा आणि गवत पसरून ते भाजून काढतो. तणाचं बी जळून जातं आणि पावसात रोपं तरारून येतात. संस्थेचं म्हणणं, यासाठी दरवर्षी झाडं सोलून निघतात, धूर होतो, जमिनीचा कस जातो. राब भाजू नका. त्याऐवजी उंच वाफे करा, कुजलेलं खत घाला, तण वेळेवर काढा. सल्ला वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. मंगळवारी फोन यायचा तो काय करू नका ते सांगायला, आणि शुक्रवारी यायचा तो त्याऐवजी काय करा ते सांगायला. दोन्हीत धाकल्याच. संस्थेनं खताच्या गोण्याही दिल्या, वाफे करायला माणसं पाठवली. त्या पावसाळ्यात धाकल्याची रोपं बघायला बांधावर गर्दी व्हायची.

मग २०१७ साली संस्थेचं काम संपलं. माणसं गेली, गोण्या गेल्या, शुक्रवारचा फोन बंद झाला. मंगळवारचा मात्र कुणी बंद केला नाही. कुठल्या तरी मशीनला थांब म्हणायचं राहून गेलं असेल. दर मंगळवारी सकाळी पाड्यापाड्यावर फोन वाजतो आणि धाकल्या सांगतो, राब भाजू नका. भर पावसात सांगतो, कापणीत सांगतो, दिवाळीला घरात दिवे लागलेले असताना सांगतो. शेवटी म्हणतो, पुढचं शुक्रवारी सांगेन. तो शुक्रवार काही येत नाही.

धाकल्यानं काय नाही केलं? त्या नंबरला उलट फोन लावला, तर बाई म्हणे हा क्रमांक अस्तित्वात नाही. डहाणूला जाऊन ती गाद्यांची खोली शोधली, तिथे मोबाइलची कव्हरं विकायला बसले होते. तालुक्याला विचारलं, ते म्हणाले ही योजना आमची नव्हतीच. मग त्यानं घरोघर जाऊन सांगायला सुरुवात केली की बाबांनो, खत नसेल, तण निंदायला हात नसतील, तर आपला राब बरा. तर शेजारचा पांड्या माझ्या गिरणीत, चार माणसांसमोर त्याला म्हणाला, "फोनात एक आन् तोंडात एक. आम्ही नाय भाजला मंग सगळा टहाळ तुलाच, असंच ना?"

आमच्याकडे ऐनाच्या झाडाच्या टहाळावरून भावाभावांत भांडणं होतात, त्यामुळे हे सगळ्यांना पटलं. त्या दिवसापासून धाकल्या रानात कोयता घेऊन निघाला की मागे माणसं बघत राहायची. त्याला स्वतःला राब भाजायची सोय राहिली नाही आणि न भाजावा तर रोपं तणात जायची. घरी त्याची बायको, काळी तिचं नाव, टोमणा मारायची, "तुमी फोनातच ऱ्हा, तिथं तरी मान हाय."

हे सगळं त्यानं पोटात घातलं असतं. पण त्याची मोठी बहीण सुकी तिकडे तलासरीत झरीला असते. नवरा वारला, मुलगा बोटीवर खलाशी, आठ-आठ महिने समुद्रात. आई लवकर गेली तेव्हा धाकल्याला तिनंच वाढवलं. थोडी जमीन, त्यातला भात हेच तिचं वर्षाचं खाणं. भावानं सांगितलं म्हणून तिनं राब भाजणं सोडलं आणि गोण्या बंद झाल्या त्या वर्षी रोपांपेक्षा तणच जास्त वर आलं. लावायला रोपंच पुरली नाहीत, अर्धं शेत आवणीविना पडीक राहिलं. पुन्हा तसंच झालं तर बहीण खाणार काय, आणि तिला उपाशी ठेवणारा आवाज आपला, या विचारानं धाकल्याला झोप लागत नव्हती.

२०१८ च्या वैशाखात मला गिरणीचा पट्टा आणायला तलासरीला जायचं होतं. धाकल्या मोटरसायकलवर मागे बसला. वाटेत त्यानं बोलायचं सगळं ठरवून घेतलं. झरीला पोचलो तशी सुकीनं आम्हाला खाट टाकून दिली, पाणी दिलं. मग तो तिला म्हणाला, "बाय, यंदा राब भाज."

"तूच नको म्हणतंस ना."

"ते जुनं हाय. तवा खत मिळत व्हतं. आता काय नाय. तू भाज."

"आन् मंगळवारी परत नको म्हणशील."

"तो मी नाय, बाय."

सुकी हसली. "मंग कोन? तुझा आवाज मी नाय वळखत? बोलाय शिकलास तो माझ्या कडेवर."

ती खुळी नव्हती. आवाज भरून ठेवलेला असतो हे तिला ठाऊक होतं, गाणी नाही का भरून ठेवत? पण भरलेला असला म्हणून तो भावाचा नाही, असं कसं? धाकल्या पुन्हा पहिल्यापासून समजवायला लागला, एवढ्यात कुडाच्या भिंतीला टांगलेल्या पिशवीत फोन वाजला. मंगळवार होता, आमच्या दोघांच्या ध्यानातच नव्हतं. सुकीनं लगबगीनं फोन काढला आणि समोर बसलेल्या भावाला हात दाखवला.

"गप रं जरा. धाकल्या बोलतंय."

फोनातला धाकल्या बोलू लागला. तीन वर्षांपूर्वीचा, भरल्या पोटाचा, नव्या शर्टाचा आवाज. राम राम, मी रानशेतचा धाकल्या. यंदा राब भाजू नका. झाडाला पन जीव हाय. सुकी मान डोलावत ऐकत होती. तो पुढचं शुक्रवारी सांगेन म्हणाला, तेव्हा ती फोनाला म्हणाली, "हां बाबा, नाय भाजत."

खाटेवरचा धाकल्या रडकुंडीला आला. "बाय, मी हितं बसलोय ना."

"तू वर्षाचा एकदा येतंस," ती म्हणाली. रागानं नाही, सहज. "तो दर मंगळवारी येतो. पोरगा बोटीवर, घरात माझ्याशी दुसरं कोन बोलतं?"

परत येताना गंजाडजवळ तो मागून म्हणाला, "मी मेलो तरी तो बोलतच ऱ्हाईल ना?" मी म्हटलं, "गप बस, नाहीतर इथेच उतरवीन." मला भीती वाटली होती, म्हणून ओरडलो.

घरी आल्यावर त्यानं लाज सोडली. टहाळ तोडला, दुप्पट जागेवर पसरला आणि दिवसाढवळ्या राब भाजला. पांड्या बांधावर उभा राहून सगळ्यांना दाखवत होता, बघा, मी सांगत होतो ना. धाकल्यानं मान वर केली नाही. दोन शेतांना पुरतील एवढी रोपं काढली आणि आषाढात जुड्या बांधून माझ्या टेम्पोतून आम्ही झरीला निघालो. सुकीचा वाफा तणानं भरला होता, आम्हाला ठाऊक होतं तसाच.

आवणीला पाड्यावरच्या बाया आल्या होत्या. हिरव्यागार जुड्या बघून सुकीला कोण आनंद! ती त्यांना सांगू लागली, "भावानं फोनात सांगितलं, राब भाजू नको. मी नाय भाजला. तर बघा, रोपं त्यानंच आनून दिली. शब्द टाकला तर पुरा करतो." बाया धाकल्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यातली जमुना म्हणाली, "असं हाय व्हय? आमाला वाटलं नुस्ता बोलतो."

धाकल्यानं तोंड उघडलं. ही रोपं भाजलेल्या राबातली आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर सुकी सगळ्या पाड्यापुढे खुळी ठरली असती, इतकी वर्षं भावाच्या आवाजाला हां हां म्हणत बसलेली खुळी. तिचा चेहरा त्यानं बघितला, मीही बघितला. त्यानं तोंड मिटलं, जुडी सोडली आणि चिखलात उतरला. मला त्याचा राग आला आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

त्या वर्षी सुकीचं शेत पुरं लागलं. भात झाला. धाकल्याच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली, ओट्यावर बसून तो पुन्हा हसू लागला. पुढल्या पावसाळ्यातही बहिणीपुरती रोपं आपण वाढवू, झालं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

२०१९ च्या वैशाखात असाच तो ओट्यावर बसलेला असताना त्याचा फोन वाजला. तो दचकला, मग नाव बघून खुलला. सुकी स्वतःहून कधी फोन करत नसे. गिरणी बंद होती, म्हणून तिचं मलाही ऐकू येत होतं.

"धाकल्या, तुझं पाड्यात सगळ्यांनी ऐकलं रं. यंदा कोनीच राब नाय भाजला. जमुनानं पन नाय. आता रोपं कधी आनतंस, इचारतात."

धाकल्या उठून उभा राहिला. एका बाजूनं पांड्याचं शेत दिसत होतं, दुसऱ्या बाजूनं त्याचा स्वतःचा तुकडा. तो किती मोठा आहे हे मला माहीत होतं.

"हां बाय," तो म्हणाला. आवाज अगदी फोनातल्यासारखा, गोड. "सांगेन."