खाडीत गोल पडलेलं जाळं

बाईंनी जाळ्याची कड दातांत धरली, कंबरेतून झोका घेतला आणि जाळं भिरकावलं. खाडीच्या पाण्यावर ते भाकरीसारखं गोल पडलं. पोस्टात बदलून आलेल्या या बाई जेमतेम महिनाभर शिकताहेत. मी भिकूतात्यांकडे तीन वर्षं शिकतोय, आणि माझं जाळं अजून केळीच्या फणीसारखं पडतं.

तात्या त्यांना काहीच बोलले नाहीत. मला मात्र लगेच, "मास्तर, मनगट सैल सोडा." शिकवणाऱ्याचं गप्प राहणं दुसऱ्याच्या वाट्याला आलं की शाबासकी वाटते. ती शाबासकी मला हवी होती, तीही एकट्याला.

त्या रागातच मी जाळं फेकलं. पुरतं गोल उघडलं! मी आधी वळून तात्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, अगदी गप्प. मग लक्षात आलं, जाळ्याची दोरी मनगटाला बांधायचीच राहिली होती.

बाई कंबरभर पाण्यात शिरल्या आणि बुडत चाललेलं दोरीचं टोक आणून माझ्या हातात दिलं.

"सर, काय सुंदर पडलं होतं हो!"

अगदी मनापासून म्हणाल्या. तेच सहन झालं नाही.