भिंत कोण धरणार?

जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या खेड्यात आम्ही जुनं घर घेतलं. तिथल्या भिंतीतल्या शेकोटीच्या तोंडावरची लाकडी तुळई जळून पोखरली होती. मी गाड्यांचा इंजिनीअर. नव्या लोखंडी तुळईचं गणित तीनदा तपासलं आणि जुनीला करवत लावली. बायको खाली बॅटरी धरून उभी होती.

"हाल्ट!" कुत्रा फिरवायला निघालेले एक म्हातारे उघड्या दारातून ओरडले. आत येऊन त्यांनी वरच्या विटांवर टकटक केलं, कान लावून ऐकलं. मग विचारलं, "जुनी निघाल्यावर, नवी बसेपर्यंत ही भिंत कोण धरणार?"

एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

घरून त्यांनी टेकू आणले. विटांतून आरपार जाड वासे घातले, दोन्ही टोकांना टेकू दिले आणि बायकोला हाताला धरून बाजूला केलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. आता काप."

तुळई निघाली तशा दोन विटा निखळल्या, नेमक्या बायको आधी उभी होती तिथे. भिंत मात्र हलली नाही.

"आजोबा, चहा," ती मराठीतच म्हणाली. त्यांनी तो उभ्यानेच घेतला, एक हात टेकूवर ठेवून. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पंधरा-वीस वर्षं झाली. हिवाळ्यात बायको त्याच जागी उभी राहून हात शेकते, आणि मी वर भिंतीकडे बघून मनातल्या मनात हात जोडतो.