चेकिंगवाले सर

चोरीची ती केस मला आजही लख्ख आठवते. कागदावर अगदी साधी: बंद घर, न तुटलेलं कुलूप आणि सोन्याच्या दोन बांगड्या. अशी प्रकरणं ठाण्यात येतच असतात. हे मात्र निवृत्तीनंतरही मनात राहिलं, आणि आठवलं की बरं वाटतं, म्हणून लिहितो.

माझे वडील हवाई दलात होते. बदलीवर चंदीगडला आले आणि इथलेच झाले. मी इथल्याच पोलीस दलात लागलो. घरात कराडची मराठी आणि ठाण्यात हिंदी-पंजाबी, अशी सगळी नोकरी गेली.

त्या वेळी मी एका ठाण्याचा प्रभारी, म्हणजे एसएचओ, होतो. आमच्या हद्दीत एका घराच्या वरच्या मजल्यावर चार मुली राहत. बालगृहात वाढलेल्या, सतरा-अठरा वर्षांच्या. पुढे स्वतःच्या पायांवर उभं राहता यावं म्हणून एका संस्थेने त्यांची तिथे सोय केली होती. स्वयंपाक, बाजारहाट, बँकेचं काम, एकटीने बसने जाणं, असं सगळं त्या शिकत होत्या. संस्थेच्या एक बाई अधूनमधून येऊन पाहून जात. मुली त्यांना दीदी म्हणत.

खालच्या मजल्यावर घरमालकीण एकट्याच राहायच्या. वय झालेल्या, तोंडाने फटकळ, मनाने मोकळ्या. मुली त्यांना आंटीजी म्हणत. त्या काही दिवस मुल्लानपूरला लेकीकडे गेल्या आणि झाडांना पाणी घालायला म्हणून घराची चावी चौघींतल्या थोरलीकडे देऊन गेल्या. परत आल्या तेव्हा कपाटातल्या बांगड्या गायब. कपाटाची किल्ली गादीखाली होती, जशी ती निम्म्या हिंदुस्थानात असते.

गुन्हा नोंदवला आणि लगेच खबर मिळाली. समोरच्या घरातल्या एका सद्गृहस्थांनी मला फोन केला. त्यांनी बाल्कनीतून पाहिलं होतं की थोरली मुलगी एका माणसाला सोबत घेऊन खालचं कुलूप उघडत होती.

"उसका यार होगा जी, पक्का," ते म्हणाले.

थोरलीला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. दिवसाउजेडी, दीदींच्या समक्ष, आमच्या महिला उपनिरीक्षकांनी तिची चौकशी केली. मी बाजूला बसून ऐकत होतो. खुर्ची दिली तरी "बैठ जाओ" म्हटल्याशिवाय ती बसली नाही.

"ताला किसने खोला?"

"मैंने खोला, मॅडम."

"साथ में कौन लड़का था?"

"कोई लड़का नहीं था."

"कोई बाहर का आदमी? कोई अनजान?"

"नहीं जी."

तिची उत्तरं एवढीच. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, हा माझा अनुभव. विचारलं नाही तेही सांगतो, शपथा घेतो, रडतो. ही मुलगी विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होती आणि तेही नेमकं चुकीचं देत होती. साक्षीदार म्हणतो माणूस होता, ही म्हणते नव्हता. कुलूप तिने उघडलं हे तीच कबूल करते. माझ्या जागी कुणीही अटकेचाच विचार केला असता.

दीदी जाताना दारात थांबल्या. म्हणाल्या, "सर, तिला लॅब असिस्टंटच्या कोर्सला जागा मिळाली आहे. पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. तिच्यावर केस झाली तर तिचं संपलं, आणि हे घरही बंद होईल. अशा मुलींना दुसरं घर भाड्याने कोण देणार?"

मी एक दिवस थांबायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी, दीदींना कळवून, घर पाहायला गेलो. चौघींतल्या दोघी अजून अठराच्या आत होत्या. अल्पवयीन मुलांकडे पोलिसांनी गणवेशात जायचं नसतं, म्हणून मी साध्या कपड्यांत, हातात केसची फाइल. सोबतची महिला शिपाई सलवार-कमीजमध्ये. बेल वाजवली. घरात त्या वेळी या दोघीच होत्या आणि त्यांनी मला आधी कधीच पाहिलं नव्हतं. दार उघडलं गेलं आणि "नमस्ते सर" म्हणून एक मुलगी बाजूला झाली. कोण, कुठले, काही नाही. मी तोंड उघडायच्या आत दोघी आपापल्या खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या. एकीने कपाट सताड उघडलं, दुसरीने गादीचं टोक उचलून धरलं. हात मागे, नजर खाली.

सैनिकांच्या बराकीतली तपासणी मी लहानपणी पाहिली होती. पण हे राहतं घर होतं आणि या पोरी होत्या.

मी हळूच विचारलं, "मैं कौन हूँ, बेटा?"

"चेकिंगवाले सर."

"मुझसे पहले कौन आया था चेकिंग के लिए?"

"पिछले हफ्ते एक सर आए थे ना जी. फाइल लेके. राजमा भी चखा था. बोले नमक कम है."

"फिर बताया क्यों नहीं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "चेकिंग तो होती रहती है," धाकटी म्हणाली.

जन्मभर कुणी ना कुणी येऊन यांची कपाटं उघडून पाहत आलं होतं. असा माणूस त्यांच्या लेखी परका नव्हताच, मग थोरलीने तो आल्याचं सांगायचं कशाला? तिला बोलावून पुन्हा विचारलं. आता तिने सगळं सांगितलं. त्या चेकिंगवाल्या सरांनी खालच्या कुलपाकडे पाहून चावी कुणाकडे आहे विचारलं, तिने उघडून दिलं. मग ते म्हणाले, वर जा आणि बाकीच्यांना तयार राहायला सांग. ती गेली.

"चेहरा कसा होता?"

"चेकिंगवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, सर," ती हिंदीत म्हणाली. हे वाक्य मला चौकशीभर टोचत राहिलं.

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात त्या दुपारची एक स्कूटर सापडली. नंबरावरून मोहालीतला एक माणूस. पूर्वी तो बालगृहांच्या तपासणी पथकांची गाडी कंत्राटावर चालवायचा. मुलं कशी रांगेत उभी राहतात हे त्याने दारातून पुष्कळदा पाहिलं होतं. बांगड्या त्याच्या खोलीतच मिळाल्या. समोरच्या सद्गृहस्थांनी त्याला ओळखलं. 'यार'बद्दल मात्र ते पुढे काही बोलले नाहीत.

आंटीजी ठाण्यात आल्या, थोरलीला त्यांनी खास पंजाबी शब्दांत झापलं, आणि तिथेच तिला जवळ घेतलं. त्यांनी घर खाली करायला सांगितलं असतं तर त्यांना कुणी दोष दिला नसता. त्यांनी तो विषयच काढला नाही. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

घरी हे सगळं सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, त्या पोरींना पोळ्या शिकवतायत, सिलिंडर बदलायला शिकवतायत. दारात आलेल्याला नाही म्हणायला कोण शिकवणार?"

आमच्या सौभाग्यवतींना नाटकाची हौस पहिल्यापासून. दीदींना विचारून ती सुटीच्या दिवशी तिथे जाऊ लागली. कधी वीज मंडळाची बाई, कधी जनगणनेची, कधी बड्या साहेबांची बहीण. मुलींनी तिला दारातच अडवायचं, ओळखपत्र मागायचं, दीदींना फोन करायचा. धाकट्या भराभर शिकल्या, तिला हुसकावून लावताना खिदळायच्या. थोरलीला काही केल्या जमेना. साखळी लावायची आणि "जी, आइए" म्हणून काढायची.

"मी तोतया आहे हे माहीत असून ती मला चहा विचारते," बायको हताश होऊन सांगायची. पण जायची थांबली नाही.

काही महिन्यांनी थोरलीच्या नावाचं कोर्टाचं समन्स निघालं. साक्षीच्या नावाने ती घाबरू नये म्हणून ते मी स्वतःच द्यायला गेलो. आता चौघीही सज्ञान होत्या, म्हणून गणवेशात, सोबत एक हवालदार. दार साखळीइतकंच उघडलं.

"आयडी दिखाइए, सर."

मी दिलं. तिने ते सावकाश वाचलं. मग मान वर केली आणि फोटो माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. डोळ्याला डोळा देऊन. आत जाऊन फोन केला, परत आली.

"दीदी फोन नहीं उठा रहीं. आप शाम को आइए."

हवालदार तापला. "ओए, एसएचओ साब हैं."

"हांजी, पता है," ती म्हणाली. साखळीच्या फटीतून ओळखपत्र परत दिलं. "शाम को आइए." आणि दार लावून घेतलं.

इतक्या वर्षांत पोलिसाच्या गणवेशाला दारातून परत पाठवणारं माणूस मी क्वचितच पाहिलं असेल. हवालदार जिन्यात पुटपुटत होता आणि मला हसू आवरत नव्हतं. खाली येऊन बायकोला फोन केला. म्हटलं, "तुझ्या पोरीने मला हाकललं." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

पोलिसाला लोकांनी ऐकावं असं वाटतं, मलाही वाटायचं. मुकाट्याने ऐकणारा माणूस सुरक्षित असतोच असं नाही, हे मला त्या मुलींनी शिकवलं. पुढे ठाण्यात कुणी निमूट मान डोलावली की मी त्याला आधी बसवायचो आणि मग पुन्हा विचारायचो. त्याचा मला फार उपयोग झाला. त्या चौघींचा मी ऋणी आहे, आणि हे त्यांना कधी समोर सांगता आलं नाही.

संध्याकाळी मी परत गेलो. दीदींशी तिचं बोलणं होईपर्यंत समन्स हातात घेऊन जिन्यात उभा राहिलो.