पोतं परत गेलं होतं

माझ्या ब्लॉगच्या उजव्या बाजूला एक पट्टी आहे. तिच्यात तीन कप्पे केलेत: राजकारण, लेखन, तंत्रज्ञान. राजकारणातला शेवटचा लेख सात वर्षांपूर्वीचा, लेखनातला पाच, तंत्रज्ञानातला चार. तुमची आवड अशी बदलत कशी गेली, असं कुणी विचारलं की मी हनुवटीला हात लावून ‘माणसानं वाहतं राहावं’ वगैरे काहीतरी ठोकून देतो. ऐकणारा मान डोलावतो. प्रत्यक्षात मी एकेका कप्प्यात घाण केली आणि दार ओढून पुढच्या कप्प्यात पळालो, एवढंच आहे. तिन्ही वेळा आत अडकली ती माझी अक्का.

अक्का म्हणजे थोरली बहीण. मुखेडपासून पाच किलोमीटरवर एका खेड्यातल्या शाळेत शिक्षिका होती. भाऊजी लग्नानंतर चार वर्षांतच गेले, तेव्हापासून ती मुखेडला आमच्याच घरी, आईजवळ राहायची. आईची उजवी बाजू लकव्यानं गेलेली, वाचाही गेलेली. गिळणं तिला रोज नव्यानं शिकवावं लागायचं. अक्का तिच्या पाठीशी दोन उशा लावायची, तिला ताठ बसती करायची, हनुवटीखाली दोन बोटं धरायची आणि ज्वारीच्या कण्या दुधात कालवून भरवायची. सकाळी भरवून शाळेत, मधल्या सुट्टीत स्कुटीवर परत, पुन्हा भरवून शाळेत. आई दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही. ओठ मिटून घ्यायची.

मी तेव्हा लातूरला होतो. एका कोचिंग क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचो. दिवसभर चार पर्यायांपैकी एक बरोबर असलेल्या जगात वावरून मला वाटायला लागलं होतं की देशाच्या प्रश्नांचं उत्तरही ‘क’ नाहीतर ‘ड’ असणार. तेवढ्या भांडवलावर मी राजकीय ब्लॉग काढला. वाचक म्हणजे क्लासमधले दोघं-तिघं आणि मी. मी जास्त वेळा.

एका रविवारी घरी गेलो होतो. जेवताना अक्का सांगायला लागली, “परवा शाळेत तांदळाचं पोतं उतरवलं, उघडलं तर अळ्या वळवळून राहिल्या. खिचडी शिजवनारी बाई म्हनती कशी, बाई, आज मटन-भात करू का?”

मी इतका हसलो की ठसका लागला. अक्काही हसली. मग म्हणाली, “मी टेंपो निघू दिला न्हाई. पोतं परत चढवलं, सही केली न्हाई. शेजारच्या गावच्या शाळंतून उसना तांदूळ आनला अन् खिचडी केली. दुसऱ्या दिशी आलं बघ चांगलं पोतं.”

लातूरच्या गाडीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लेख तयार झाला. अळ्या घेतल्या, उतरवलेलं पोतं घेतलं, गरीब लेकरं घेतली. टेंपो अडवणारी बाई मात्र बसेना. ती आली की लेखाची धार जात होती, कारण तिनं प्रश्न त्याच दिवशी सोडवून टाकला होता. मग मी तिला काढली. शेवट केला: ‘त्या दिवशी त्या लेकरांच्या ताटात काय वाढलं गेलं असेल?’ काय वाढलं होतं ते मला पक्कं माहीत होतं. उसन्या तांदळाची खिचडी.

शाळेचं नाव टाकलं नाही, तालुका टाकला नाही. फक्त ‘माझी बहीण जिथं शिकवते त्या शाळेत’ असं लिहिलं आणि स्वतःला फार सावध समजलो. वर माझा फोटो आणि नाव झळकत होतं, आणि मला बहीण एकच.

लेख फिरला. माझा फिरलेला पहिला लेख. कुणीतरी फोनवर त्याचे फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकले. सोमवारी शाळेच्या दारात बायामाणसं गोळा. “बाई, आमच्या लेकरांना अळ्या चारून राहिलात? अन् घरी जाऊन भावाला सांगून राहिलात?” अक्का सांगत होती पोतं परत पाठवलं म्हणून, पण लेखात तसं नव्हतं, आणि लेख तर सख्ख्या भावानं लिहिलेला. मी घाबरून लेख काढून टाकला. खुलासा लिहिला नाही. उद्या लिहू म्हटलं. लोक हळहळत विचारत होते, सर, दबाव आला का? मी नुसता सुस्कारा टाकायचो. सुस्काऱ्यात फार अर्थ निघतात.

पुढच्या महिन्यात अक्काची बदली झाली. हिमायतनगरकडच्या एका गावात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. कागदावर ‘प्रशासकीय कारणास्तव’. लेखामुळे झाली की व्हायचीच होती, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हा मात्र मी लातूरच्या मित्रांना ठामपणे सांगत होतो, की नाहीच, योगायोग.

मुखेडहून तिथं जायचं तर नांदेडला गाडी बदलून पाच तास. रोजचं येणं-जाणं शक्यच नव्हतं. अक्कानं तिकडं खोली घेतली आणि मला एवढंच म्हणाली, “भैय्या, तू घरी ये. आईला बघ. अन् आई हाय तोवर मला परत आन.”

दोन कामं होती. पहिलं मी केलं, म्हणजे आलो. क्लासवाल्यांनी टाइपिंग घरून करू दिलं. राजकारण सोडलं. वाचणाऱ्यांना कळवलं की सध्याच्या वातावरणात मी अंतर्मुख होत आहे.

अंतर्मुख माणसानं आईला भरवायला घेतलं. आईनं ओठ मिटले. मी उशा लावायचो, ती डावीकडं कलायची. सावरायला गेलो की वाटी सांडायची. कण्या हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून लुगड्यात. शेजारच्या मावशी येऊन चार चमचे घालायच्या, त्यातले दोन जायचे. शनिवारी दुपारी अक्का यायची, आणि तिचा आवाज ओसरीवर आला की आईचे ओठ आपोआप उघडायचे. रविवारी पोटभर. सोमवारी पहाटे अक्का निघाली की पुन्हा मिटले. आमच्या आईचा आठवडा दोन दिवसांचा झाला होता.

या सगळ्यावर मी ललित लेख लिहिला. त्यात मुलगा शहर सोडून घरी येतो. पहिल्या दिवशी आई तोंड फिरवते, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं बघते, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातून घास घेते आणि तिच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. त्या थेंबावर मी एक अख्खा परिच्छेद खर्च केला. लातूरजवळच्या मुरुडच्या एका वाचनालयानं कार्यक्रमात तो वाचायला बोलावलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शाल-श्रीफळ मिळालं. घरी आलो तर मावशी म्हणाल्या, “आज कायच गेलं न्हाई पोटात. नारळ कशाचा आनलाव?”

अक्का म्हणाली, आता अर्ज कर. आईच्या आजाराचं कारण दे, दवाखान्याचे कागद लाव, सरळ दोन वाक्यांत लिव. मी दोन पानं लिहिली. आणि सोबत कागदपत्रांच्या खाली, कुणी सांगितलं नसताना, माझा लेख जोडला. म्हटलं साहेबाच्या काळजाला भिडला पाहिजे.

अर्ज घेऊन मी आणि अक्का नांदेडला गेलो. शिक्षण ऑफिसातल्या कारकुनानं चष्मा लावून अर्ज चाळला आणि लेखावर थांबला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मधेच चष्मा काढून पुसला. मी अक्काकडं ‘बघ’ असं पाहिलं.

“काय लिवलं मालक! माझी माय आठवली. हे तुमचं सोताचं?”

“हो. आमच्याच घरातलं.”

“म्हंजे आता आईंना तुमीच भरवता?”

अक्का माझ्याकडं बघत होती. ‘नाही, ते थोडं वाढवून लिहिलंय,’ एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी शाल परत करायची तयारी लागते. मी म्हणालो, “प्रयत्न करतो आपला.”

“मग झालं की. असा ल्योक घरात असल्यावर बाईंची अडचन कशाची?” आणि त्या भल्या माणसानं, मला खूष करायच्याच हिशेबानं, अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं: ‘मातेच्या शुश्रूषेकरिता मुलगा उपलब्ध. लेख सोबत जोडला आहे.’

स्टँडवर अक्कानं तो लेख मागितला. तिनं अजून वाचला नव्हता. नांदेडच्या त्या गर्दीत, पिशवीवर बसून तिनं तो सावकाश वाचला, घडी घातली, मला परत दिला.

“चांगला लिवलायस,” ती म्हणाली. “ह्याच्यातला पोरगा कोन हाय रे?”

तिची गाडी लागली होती. ती चढली.

लेखन तिथं संपलं. पुढच्या वर्षी बदल्या ऑनलाइन होणार असं समजलं आणि मी तंत्रज्ञानाकडं वळलो. हा कप्पा मला सुरक्षित वाटला, कारण यंत्रापुढं कुणाचे डोळे पाणावत नाहीत. फॉर्ममध्ये पसंतीच्या शाळा क्रमानं भरायच्या. एका जागेसाठी दोघं आले तर सेवा जास्त असेल त्याला जागा. मी आठवडाभर बसून तालुक्यातल्या शाळांची यादी केली, अंतरं काढली, जागा रिकाम्या कुठं आहेत ते शोधलं. मुखेडलगत एक अशी शाळा सापडली की जिच्यातली जागा रिकामी आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. पहिली पसंती ती भरली. अक्कानं फोनवर ओटीपी सांगितला. “झालं का?” “झालं.” “नक्की?” “अक्का, हे मशीन आहे, कारकून नाही.”

मी इथंच थांबायचं होतं. पण एवढं सुंदर काम कुणालाच दिसणार नाही, हे मला सोसेना. फॉर्मची मुदत संपायला चार दिवस होते. मी ब्लॉगवर ‘बदलीचा फॉर्म असा भरा’ हा लेख टाकला आणि नमुना म्हणून अक्काच्याच फॉर्मचा फोटो दिला. तिच्या नावावर काळी पट्टी मारली. नावाच्या बाबतीत मी पहिल्यापासून काटेकोर. शाळांची यादी खाली उघडी होती, पहिल्या शाळेपुढं ‘जागा रिक्त’ असं मी लाल खुणेनं गोल करून दाखवलं होतं, वाचकांना समजायला सोपं जावं म्हणून.

लेख अळ्यांच्या लेखापेक्षा जास्त फिरला. खाली एका गुरुजींनी लिहिलं, ‘धन्यवाद सर, लई कामाची माहिती.’ मी हात जोडले. महिन्यानं त्यांनीच पुन्हा लिहिलं, ‘सर, तुमच्यामुळं घराजवळ शाळा मिळाली, आईवडील खूष आहेत.’ त्यांची सेवा अक्कापेक्षा दोन वर्षं जास्त होती. माझ्या सगळ्या लिखाणाचा कुणाला थेट उपयोग झाला असेल तर तो याच एका माणसाला.

अक्काला फोन केला. सगळं सांगितलं, फोटोसकट. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आईनं खाल्लं का आज?”

खाल्लं नव्हतं. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, ती आई डाव्या हातानं उपसायची. पावसाळ्यात ती गेली, एका बुधवारी सकाळी. बुधवार म्हणजे अक्कापासून सगळ्यात लांबचा वार. अक्का तीन वाजता पोचली. ओसरीवरून तिनं नेहमीसारखी हाक मारली, बहुतेक सवयीनं, आणि आत आली.

आमच्यात पुरतात, तेही बसवून. कपाळाला विभूती लावली, हातात इष्टलिंग दिलं आणि जाणत्या चार माणसांनी आईला खड्ड्यात ताठ बसती केली. मान सरळ, पाठ सरळ. तीन वर्षं मला जे एकदाही जमलं नव्हतं ते त्यांनी दोन मिनिटांत केलं. मी कडेला उभा राहून ते बघत होतो, आणि मनात एक वाक्य तयार व्हायला लागलं होतं. चांगलं वाक्य होतं. मी ते मोडून टाकलं, आणि त्या दिवसापासून ब्लॉगवर काही लिहिलं नाही.

यंदा पुन्हा फॉर्म सुरू झाले. ते गुरुजी निवृत्त झालेले, पंधरा मिनिटांवरची ती शाळा पुन्हा रिकामी. मी यादी केली, कुणाला दाखवली नाही, पडदा ओढून फॉर्म भरला आणि अक्काला फोन लावला.

“ओटीपी आला असेल बघ. सांग.”

“आलाय.”

“मग सांग की.”

“न्हाई सांगत.”

“कामून?”

“हितं माझी पोरं हायत वर्गात. तितं कोन हाय?”

“मी हाय की, अक्का.”

“हाव, तू हाइस. तुला भरवायचं हाय का आता?” ती हसली. मीही हसलो. हसणं लवकर संपलं.

मग ती म्हणाली, “मागल्या महिन्यात लग्नाला आल्ते ना, जुन्या शाळंच्या गावात. पंगतीत एक बाई शेजारणीला म्हनली, ह्याच त्या अळ्यावाल्या बाई. सात वर्सं झाली, भैय्या. तू लेख काढून टाकलास, लोकांनी न्हाई काढला. मी काय तिकडं परत येऊ?”

मी फॉर्मची खिडकी बंद केली.

“तुला एवढं लिवता येतं. ते एक तेवढं लिव. नाव नको टाकू कुनाचं, माझं नको, गावाचं नको. अन् थेंबबिंब नको.”

त्याला आता तीन आठवडे झाले. फॉर्मची मुदत गेली. एवढ्या एका ओळीसाठी मला ही सगळी पानं लागली, ही माझी जुनी खोड. हे तीनपैकी कुठल्या कप्प्यात टाकावं ते कळलं नाही, म्हणून कप्प्याबाहेर ठेवतोय.

पोतं त्याच दिवशी परत गेलं होतं. टेंपो शाळेतल्या बाईंनी अडवला होता. त्या तांदळाचा एक दाणाही कुठल्याच लेकराच्या ताटात पडला नाही, आणि लेख लिहिला तेव्हा हे मला माहीत होतं.