विजयमालेची काळीपिवळी

रस्त्यावर गाडी कधीच उकळायची नाही. शेलूबाजारहून मंगरूळपीरपर्यंत तापाचा काटा शहाण्यासारखा मधोमध असायचा. स्टँडवर गाडी लावून विजयमालेनं किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं, लोक उतरून आपापल्या पिशव्या सावरायला लागले, की मग बॉनेटखाली काहीतरी गुरगुरायचं आणि पुढच्या चाकांमध्ये गरम पाण्याचं थारोळं व्हायचं. वाफ पानटपरीपर्यंत जायची. ती बघायला स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर हजर असायचे आणि त्यांच्यात भागवत सगळ्यात पुढे.

जीप मुळात विजयमालेच्या नवऱ्याची, जानरावची. साखरेच्या आजारानं त्याचे डोळे अधू झाले. समोरून येणारा ट्रक दोन-दोन दिसायला लागला तेव्हा त्यानं स्वतःच स्टिअरिंग सोडलं. गाडी विकायचं ठरलं. गिऱ्हाईक अंगणात येऊन टायरला लाथा मारून बघत होतं, तेवढ्यात विजयमाला ओसरीवरून म्हणाली, "गाडी इकायची नाही. मी चालवीन."

ती माहेरी भावाचा ट्रॅक्टर चालवायची, हे जानरावला माहीत होतं. गिऱ्हाईक हसत निघून गेलं. तिनं लायसन्स काढलं, बॅज काढला आणि एका सकाळी मंगरूळच्या स्टँडवर इतर गाड्यांच्या मागे आपली काळीपिवळी नंबरात उभी केली.

कोणती गाडी कधी भरायची ते भागवत ठरवायचा. त्याच्या स्वतःच्याही गाड्या होत्या. तो म्हणाला, "वहिनी, हे बायांचं काम नाही."

"काम तं गाडीचं आहे, भाऊ. तिले काय मालूम, चाकावर कोन बसलं."

हे बोलणं तो विसरला नाही. सोयाबीनचा हंगाम उरकत आला आणि गाडी उकळायला लागली, तेव्हा त्याला आयतंच कारण मिळालं. "बाईच्या हातात गाडीले ताप येते," असं तो प्रवाशांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा. लोक वाफ बघायचे आणि लेकरांना घेऊन दुसऱ्या गाडीकडे वळायचे.

एकदा असंच सगळे भोवती जमले होते. कोणी म्हणे पाणी टाका, कोणी म्हणे पेटन आता. तिला राग आला. रागाच्या भरात तिनं फडकं घेऊन तापलेल्या रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी कोपरापर्यंत उडालं. दवाखान्यात पट्टी बांधताना ती रडली नाही, घरी आल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

जानराव उशाशी येऊन बसला. "इकून टाकू," तो म्हणाला. "मी सांगतो तसं कर. हात जाईन एक दिवस."

"झाकन गरम असतानी खोललं, ही माही चुकी," ती तशीच पडून म्हणाली. "गाडी चालवली ही चुकी नाही. तुमी दोन्ही एकात नका कालवू."

तो उठून बाहेर गेला. नंतरचे काही दिवस दोघं कामापुरतंच बोलत होते.

हात वळायला लागला तशी ती पट्टीसकट स्टँडवर गेली. भागवत आडवा आला. "वहिनी, इंजिन खोलून घ्या, गॅस्केट बदला, मंग नंबर लावा. लोकाइच्या जिवाचा सवाल आहे."

"इंजिनात बिघाड आहे हे कोनं सांगतलं?"

"दिसत नाही काय? रोज उकळून राह्यलं."

"चालू असतानी नाही उकळत. बंद केल्यावर उकळते. काहून, हे सांगा. सांगाल तं इंजिन खोलीन."

भागवत आपलं गॅस्केटचंच लावून बसला. खरं तर कारण तिलाही माहीत नव्हतं. पण ते कळल्याशिवाय इंजिन खोलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. रोज मंगरूळच्या बाजारातून भाजी न्यायला येणारी हिरीबाई टोपली घेऊन उभी होती. ती मागचं दार उघडून जीपमध्ये बसली. दोघी-तिघी तिच्या मागून चढल्या. अर्धी रिकामी गाडी घेऊनच विजयमाला निघाली.

परतल्यावर ती गाडी मुन्नाच्या गॅरेजवर घेऊन गेली. मुन्ना जानरावच्या वेळेपासूनचा मिस्त्री. त्यानंही पहिल्यांदा गॅस्केटचंच, इंजिनच्या सांध्यातल्या पट्टीचंच, नाव घेतलं.

"गॅस्केट गेलं तं काय काय दिसते?" तिनं विचारलं.

"पांढरा धूर. तेल दुधावानी होते. रस्त्यात चढावर गाडी तापते."

"यातलं एक तरी दाखव मले."

मुन्नानं तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल स्वच्छ होतं. धूरही साधाच. तो डोकं खाजवत म्हणाला, "बरं. इंजिन बंद झालं का पंप थांबते, पंखा थांबते. पन लोखंड तं तापलेलंच राह्यते ना. सगळी गरमी उभ्या पान्यात उतरते. हे हरएक गाडीत होते, वहिनी. झाकन मजबूत असलं तं ते पान्यावर दाब ठेवते, दाबानं पानी उकळत नाही."

"मंग झाकन पाहू. पन थंड झाल्यावर."

दोघं बाजेवर बसून राहिले. गाडी पुरती निवल्यावर मुन्नानं झाकण काढलं. आतलं रबर वाळून तडकलेलं होतं आणि स्प्रिंग बोटानं दाबली तरी बसत होती. नवं झाकण बसवलं, कूलंट भरलं. विजयमाला गाडी फिरवून आली आणि इंजिन बंद केलं. पाणी आधीसारखं उसळलं नाही, पण जादा पाणी धरणाऱ्या बाजूच्या बाटलीत बुडबुडे यायला लागले आणि बाटली भरून थोडं खाली सांडलंच.

"मी म्हटलं होतं," मुन्ना हळूच म्हणाला. "खोलूच आता."

"कमी झालं का नाही?"

"झालं."

"मंग आपन बरोबर रस्त्यानं चाललो. अजून काहीतरी आहे."

मुन्ना वैतागला. त्याच वेळी जानराव रस्ता चाचपडत गॅरेजच्या दारात आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, "गाडी चालू कर अन् जाळीसमोर कागद धर. पंखा हवा ओढत असन तं कागद चिकटन."

मुन्नानं जुन्या पेपरचं पान समोरच्या जाळीवर धरलं. वरच्या भागात पान फटकन चिकटलं. खालच्या भागात मात्र हात सोडला की घसरून जमिनीवर पडायचं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

जाळी काढून बघितली तर रेडिएटरच्या खालच्या अर्ध्यावर सोयाबीनचं कुटार गच्च बसलं होतं. हंगामात लोक रस्त्यावरच सोयाबीन पसरतात, त्यावरून गाड्या जातात, भुसा उडतो. गाडी पळत असताना वरच्या भागातून शिरणाऱ्या वाऱ्यावर भागायचं. स्टँडजवळ गाडी हळू झाली की हवा कमी पडायची, पाणी तापूनच उभं राहायचं आणि इंजिन बंद झालं की झाकणाला न जुमानता बाहेर यायचं. मुन्नानं मागच्या बाजूनं पाण्याची धार सोडली. कुटार, चिखल आणि मेलेले किडे यांचा काळपट लगदा बाहेर पडत राहिला.

जानराव खांबाला टेकून ऐकत होता. विजयमाला त्याच्याजवळ गेली. "आधी काहून नाही सांगतलं?"

"तू इचारलंच नाही," तो म्हणाला. "अन् मलेही वाटे, इकावीच."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती भरली गाडी घेऊन मंगरूळच्या स्टँडवर आली. इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि बॉनेट वर करून बाजूला उभी राहिली. ज्याला बघायचं त्यानं बघावं. ड्रायव्हर जमले. बाटलीतलं पाणी जरासं वर चढलं आणि तिथंच थांबलं. कुणीतरी चहा मागवला, तो येऊन पिऊन झाला, तरी जमीन कोरडीच होती.

"आज हवा गार आहे," भागवत म्हणाला.

"उद्या पाहा. परवाही पाहा. मी रोज येईन." तिनं बॉनेट खाली आपटलं. "आता माहा नंबर आहे. तुमची गाडी मागे घ्या."

भागवतनं आजूबाजूला बघितलं. कोणी त्याच्या बाजूनं बोललं नाही, तसं तिच्या बाजूनंही कोणी बोललं नाही. तो पुटपुटत आपल्या गाडीत बसला आणि त्यानं ती मागे घेतली. रिकाम्या झालेल्या जागेत विजयमालेनं आपली जीप लावली, दार उघडलं आणि शेलूबाजारचं नाव घेऊन प्रवासी बोलवायला लागली.