मिशीचा पीळ

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अपघाताचा धोका मोजायला गेलो, तेव्हा प्रेस मशीनवर एक मिशाळ गडी होता. उजव्या हाताने बटण दाबायचा, डाव्याने पत्रा सरकवायचा आणि प्रेस खाली येईस्तोवर त्याच हाताने मिशीला पीळ द्यायचा. हात किती वेळा आत जातो, किती वेळा उशिरा निघतो, यावरून मी बोट जायची शक्यता काढली. ती भलतीच निघाली. मालकांनी लगेच दोन बटणं बसवली. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस हलेना.

गडी माझ्यावरच उखडला. "तुमच्या गणितात माझी मिशी धरलीसा का न्हाय?"

वर्षभराने सुट्टीच्या भोंग्याला तो गेटवर भेटला. दोन्ही हातांनी मिशी पिळत होता. दहाही बोटं माझ्यासमोर नाचवत म्हणाला, "आता पीळ दोन्हीकडनं बसतोय की, पावणं!"