दाव्यासारख्या शेवया

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही दोघांनी एका गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि त्याच साली पावसानं पाठ फिरवली. टँकर कधी यायचा, कधी नाही. पाणी प्यायला ठेवायचं की भांडी घासायला, हा रोजचा प्रश्न होता. शेवटी बायकोनंच ठरवलं, संध्याकाळची चूल बंद. गल्लीच्या तोंडाशी अक्काची खानावळ होती, तिथं जेवायचं.

अक्का उदगीरकडची, लिंगायत, एकटी बाई. पुढच्या फळीवर शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, पापड आणि हातशेवयांचे डबे विकायला मांडलेले, मागे जेवायला बाकं. पाणी वाचावं म्हणून ती पत्रावळीवर वाढायची. आठवड्यातून एकदा शेवया असायच्या, वर गुळवणी आणि तुपाची धार. शेवया उकडलेलं पाणीसुद्धा ती फेकत नसे, आमटीत घालायची.

शेवया ती दुपारी करायची. खाटेला पाट तिरका लावून, कणकेचा गोळा तळव्याखाली फिरवत ती खाली सुताएवढी धार सोडायची. माझी बायको दुपारची एकटी, ती शिकायला जाऊन बसू लागली. तिच्या हातून मात्र शेवई बारीक पडायचीच नाही.

"ही शेवई हाय का दावं?" अक्का संध्याकाळी वाढताना विचारायची. "देवणीचा बैल बांधला तरी तुटायचं न्हाई."

"बैल घरी आहेच की, त्याला उपयोगी पडेल," असं म्हणून बायको माझ्याकडे बघायची. जेवणारे सगळे हसायचे.

असल्या शेवया विकणं शक्यच नव्हतं. अक्का त्या वेगळ्या डब्यात ठेवायची आणि आम्हा दोघांपुरत्या वेगळ्या शिजवायची. त्या शिजायला फार वेळ लागे. तेवढा वेळ आम्ही बाकावर गप्पा मारत बसायचो. आमचा सगळा संसार मला त्या बाकावरचाच आठवतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात गल्लीत कावीळ आली. बायको अंथरुणाला खिळली आणि पंधरवड्यात गेली. तिला नांदेडला गोदावरीकाठी पोचवून मी परत आलो, तोवर नातेवाइकांनी खोल्या आवरून ठेवल्या होत्या. साड्या वाटल्या होत्या, स्वयंपाकघर धुऊन काढलं होतं. लोणच्याची बरणीही रिकामी, उपडी घातलेली. तिच्या हातचं असं घरात काहीच उरलं नव्हतं.

मग मी अक्काकडे गेलो तेव्हा वरच्या फळीवर तिच्या जाड शेवयांचा तो डबा दिसला. अर्धा भरलेला होता.

"आमच्यात सुतक धरत न्हाईत, दादा," अक्का म्हणाली. "पर तुमच्यात सालभर गोड खात न्हाईत, तर तुमी पाळा. त्या डब्याला तवर मी हात लावत न्हाई."

त्यानंतर वर्षभर मी एकाच जागी बसून जेवलो. तिथून डबा दिसायचा. भाकरी संपली तरी मी उठत नसे आणि अक्काही कधी उठ म्हणाली नाही.

त्या साली गहू दिसेनासा झाला. अक्काच्या विकायच्या शेवया संपल्या, पाट भिंतीला टेकवून ठेवला गेला. अशात एक बाई आल्या. मुलीचं लग्न होतं, रुखवतात मांडायला हातशेवया पाहिजे होत्या.

"न्हाईत, बाई."

"वरच्या डब्यात दिसायल्यात की!"

माझा घास हातातच राहिला.

"त्या शेवया न्हाईत," अक्का म्हणाली. "दावी हायत. मांडवात बैल बांधायचेत का तुमाला?"

बाई रागानं निघून गेल्या. अक्का चुलीकडे तोंड करून कितीतरी वेळ नुसतीच जाळ सारत राहिली.

वर्षश्राद्ध उरकून मी नांदेडहून आलो, तर अक्का दारात उन्हाला बसली होती. डबा उघडा होता आणि शेवया सुपात पसरलेल्या होत्या. ती एकेक उचलून झटकत होती.

"जाळी धरायलीय," ती म्हणाली. "आज शिजवते सगळ्या."

"अक्का, मूठभर तरी राहू द्या. तशाच. मी घरी ठेवतो."

"ठिवून काय करतूस? किडं खातील. तिनं मानसानं खायला केल्त्या."

मी सुपातली एक शेवई उचलून बोटाला गुंडाळू लागलो, तर ती कटकन मोडली. मी तुकडे परत सुपात टाकले.

त्या नेहमीसारख्याच वेळ लावून शिजल्या. मी बाकावर बसून होतो, बोलायला कुणी नव्हतं. अक्कानं पत्रावळ मांडली, गुळवणी ओतली. मग दुसरी पत्रावळ घेऊन ती समोर बसली. गिऱ्हाइकासोबत जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"मलाबी लागतेत," ती म्हणाली. "माझ्याबी शेजारी बसायची ती."

आम्ही खाल्ल्या. जाड शेवयांचा गाभा अजून थोडा कच्चा होता, दाताखाली कळत होता.

"कच्च्या राहिल्यात," अक्का म्हणाली.

"हो."

पण पातेलं पुन्हा चुलीवर ठेवायला ती उठली नाही, आणि मीही तिला सांगितलं नाही.